जीवदयेचा रोजमेळ

मध्यरात्री महामार्गावर पोलीस एखादे वाहन अडवतात, त्यातून दहा-बारा जनावरे उतरवली जातात आणि जवळच्या गोशाळेत आणून सोडली जातात. कुणाच्या पायाला दोर काचलेला असतो, कुणाचे शिंग मोडलेले असते. सकाळी बातमी कळताच गावातील श्रावक-श्राविका येतात. कुणी हिरवा चारा आणतो, कुणी गूळ-पेंड, कुणी औषधाचे पैसे देऊन जातो. आठवड्याभरात ही वर्दळ ओसरते. जनावरे मात्र तेथेच असतात. त्यांतील एखादा तरणा गोऱ्हा आणखी दहा-बारा वर्षे जगणार असतो, आणि तेवढी वर्षे त्याला रोज खायला लागणार असते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात जीवदयेचे कार्य उभे करू पाहणाऱ्यांची परीक्षा त्या आठवड्यानंतर सुरू होते.

हिशेब मांडून पाहावा. समजा, चारा, पेंड, पाणी, गडी आणि औषध मिळून एका मोठ्या जनावराला दिवसाला ८० रुपये लागतात. शंभर जनावरांचे दिवसाला ८,००० रुपये, वर्षाला २९ लाख २० हजार. एवढी रक्कम केवळ व्याजातून मिळवायची, तर ७ टक्के दराने सुमारे ४ कोटी १७ लाखांची ठेव लागेल. एवढा कायम निधी आरंभीच उभा करणे कोणत्याही लहान गावाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पर्युषणात किंवा दशलक्षणात जमणारे दान मोलाचे खरे, पण ते भाद्रपदात येते. जनावराला वैशाखातही भूक लागते.

हा पेच नवा नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तो जवळजवळ दोन शतकांपूर्वी सोडवला होता. १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबई सरकारने भटकी कुत्री मारण्याची मुदत वाढवली आणि दर कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस शिपायांना मिळू लागले. ६ जून १८३२ रोजी कोट भागात पारशी समाज रस्त्यावर आला, दुकाने बंद झाली, दंगल उसळली. दंगल शमली, तरी त्या मुक्या जिवांचे करायचे काय, हा प्रश्न उरला. त्यावर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन पांजरापोळ स्थापन केली. हे मोतीचंद म्हणजेच शत्रुंजयावरील मोतीशा टुकेमुळे जैनांच्या घरोघरी परिचित असलेले मोतीशा शेठ. एक पारशी, एक जैन, आणि दोघेही चीनच्या व्यापारातील भागीदार. भुलेश्वरजवळची ती पांजरापोळ आजही चालू आहे.

ती टिकली याचे श्रेय केवळ संस्थापकांच्या औदार्याला देणे अपुरे ठरेल. त्यांनी देणगीच्या जोडीला व्यापारावर लागा बसवला. कापसासारख्या मालाच्या व्यवहारामागे ठरलेली अल्प रक्कम पांजरापोळीच्या खाती जमा व्हावी, असे व्यापाऱ्यांनी आपसांत मान्य केले. माल हलला की चाऱ्याचा पैसा आपोआप हलला. कुणाच्या दारी जाऊन हात पसरण्याची गरज उरली नाही. देणाऱ्यालाही ते जड गेले नाही, कारण एका व्यवहारामागची रक्कम क्षुल्लक असे.

हिंगोली ही निजामाच्या राजवटीत कापसाची पेठ होती. आज तिची आणि वसमतची ओळख हळदीची आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या पेठांत लागा नवा वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचेच दुसरे नाव ‘धर्मादा’ आहे. जुन्या पिढीच्या बिलांवर हमाली, तोलाईच्या खाली धर्मादाची ओळ असे. ती ओळ बदनाम झाली, आणि त्यात व्यापाऱ्यांचा दोष नव्हता असे म्हणता येणार नाही. शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसे कापायचे आणि पुण्य स्वतःच्या नावावर मांडायचे, असा प्रकार अनेक पेठांत चाले. बाजार समित्यांच्या नियमांनी अशा अनधिकृत कपातीला बंदी केली, हे योग्यच झाले. धर्मादा घ्यायचा तर पुढच्या खरेदीदाराकडून, त्याच्या संमतीने आणि बिलात स्वतंत्र दाखवून घ्यावा. नाही तर सरळ स्वतःच्या नफ्यातून दान द्यावे.

कायद्याने या धर्मादाची दखल फार पूर्वीच घेतली आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५४ प्रमाणे धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम घेणाऱ्याच्या हाती विश्वस्ताच्या नात्याने असते आणि तिचा वार्षिक हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात अशी रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असे ठरवले. २०१९ मध्ये संगमनेरच्या डी. जे. मालपाणी यांच्या प्रकरणात उत्पादन शुल्कासाठीही ती मालाच्या किमतीत धरता येत नाही, असा निर्णय झाला. थोडक्यात, खाते वेगळे ठेवले आणि पैसा ठरल्या कामी लावला, तर कायदा आड येत नाही. एक लाख क्विंटल हळदीमागे क्विंटलला ५ रुपये धरले, तरी पाच लाख होतात.

आता संस्थेविषयी. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी हा परिचयाचा मार्ग आहे. ती धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. पुढे विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. या एका कागदाच्या आळसाने कितीतरी चांगल्या संस्था अडकून पडतात: निधन पावलेल्या विश्वस्ताचे नाव दफ्तरी कायम आणि बँकेत सही करायला कुणी नाही! आयकराची नोंदणी वेगळी. आजवर ‘८०जी’ म्हणून ओळखली गेलेली देणगीची वजावट २,००० रुपयांवरील रोख रकमेला मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या दात्याला तर मुळीच मिळत नाही. म्हणून पावतीच्या आशेवर अंदाजपत्रक बांधू नये. दूध, शेणखत, गोमूत्र यांच्या विक्रीतही सावध असावे. व्यापारी स्वरूपाचे उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेले, तर करमाफी धोक्यात येऊ शकते.

आणि पैसा पेढीवर ठेवू नये. जुनी रीत तशी होती. गावचा जीवदयेचा पैसा सर्वांत विश्वासू शेठजींच्या पेढीवर असे आणि ते दरसाल व्याज जमा करीत. त्या विश्वासाला नमस्कारच करावा. परंतु आजच्या आयकर कायद्यात विश्वस्ताच्या किंवा त्याच्या नातलगाच्या पेढीत न्यासाचा पैसा गुंतवला, तर संस्थेची करमाफीच जाऊ शकते. शिवाय पेढी अडचणीत आली, तर उपाशी राहणारा जीव तक्रार करायला येत नाही. जीवदयेचे द्रव्य अन्य कामी वापरू नये, हा आपल्याकडचा जुना दंडक कायद्याहून कडक आहे. तो पाळला तरी निम्मे काम होते.

सरकारी साह्य आहे, पण त्याला मर्यादा आहेत. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. वरच्या हिशेबातील ८० रुपयांतले ३० तरीही उरतातच. आणि संकरित गाय, रेडा, गाढव यांचे पूर्ण ८०. जप्तीच्या जनावरांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. खटला चालू असताना संगोपनाचा खर्च जनावराचा मालक, वाहनमालक आदींकडून घेण्याची तरतूद त्यांत आहे. जनावरे ताब्यात घेतानाच न्यायालयात त्यासाठी अर्ज करावा. दयेच्या भरात तो राहून जातो आणि मग वर्षानुवर्षांचा बोजा संस्थेवर पडतो.

कुत्र्यांचे गणित निराळे. याच जिल्ह्यातील नरसीचे संत नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावल्याची कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. जखमी कुत्रा बरा झाला, निर्बीजीकरण व लसीकरण झाले, की सर्वसाधारणपणे आपल्या जागी परत जातो. त्याचा खर्च काही दिवसांचा. गुरांचा खर्च त्यांच्या आयुष्याएवढा. दोन्ही कामांची खाती आरंभापासून वेगळी ठेवावीत, नाही तर एकाचा चारा दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेत जातो.

राहता राहिला कडबा. सोयाबीन वाढले तशी मराठवाड्यात खरिपाची ज्वारी कमी झाली, आणि सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा शेकडा पेंढीचा भाव उतरलेला असतो. मे महिन्यात तोच कडबा चढ्या भावाने घ्यावा लागतो. वर्षाची गंज एकदम घेऊन रचायची, तर मोठी रक्कम जानेवारीअखेर हाती हवी, आणि पावसाआधी तिच्यावर पत्र्याचे छप्पर हवे.