पोटॅशच्या गोणीतली टिकटिक

भंडारा जिल्ह्यात रोवणीचे दिवस जवळ आले, की कृषी केंद्रांपुढे खतांच्या गोण्यांची थप्पी लागते. त्यात युरिया पांढराशुभ्र, तर म्युरेट ऑफ पोटॅशचे दाणे बहुधा तांबूस-गुलाबी. या पोटॅशच्या गोणीला किरणोत्सार मोजणारे गायगर यंत्र टेकवले, तर त्याची टिकटिक वाढते. अशा वेळी गोणीत काही भेसळ आहे किंवा कुठे गळती झाली आहे, अशी शंका कुणालाही येईल. पण तसे काही नसते. पोटॅशियम हे मूलद्रव्य जिथे जिथे आहे, तिथे तिथे थोडा किरणोत्सारही असतोच. मग ते खत असो, केळे असो, की बांधीत उभा असलेला शेतकरी असो.

ही साधी गोष्ट विज्ञान शिकवणाऱ्यांच्या मोठ्या कामाची आहे. शालेय पुस्तकात अल्फा, बीटा आणि गॅमा किरणांची आकृती असते, पण ते किरण मोजून पाहण्याची वेळ फारच थोड्या विद्यार्थ्यांवर येते. अलीकडे गायगर यंत्रे लहान झाली आहेत आणि काही शाळा-महाविद्यालयांना ती परवडूही लागली आहेत. यंत्र हाती आले, की लगेच पुढचा प्रश्न येतो : ते चालते की नाही, हे तपासायचे कशावर?

शांत यंत्र म्हणजे सुरक्षित जागा नव्हे

थर्मामीटर बिघडला तर तो अंगाला लावून कळते. किरणोत्सार मात्र दिसत नाही, त्याला वास नाही, तो हाताला लागत नाही. त्यामुळे बंद पडलेले यंत्र आणि सुरक्षित जागा या दोन्हींत वरवर फरक दिसत नाही, दोन्हीकडे शांतताच. खरे तर चालू स्थितीतले गायगर यंत्र पूर्ण शांत कधीच नसते. जमिनीतून, भिंतींतून, हवेतून आणि अवकाशातून येणारे किरण ते सतत टिपत असते. याला पार्श्वभूमी किरणोत्सार म्हणतात. जगभरात माणसाला नैसर्गिक स्रोतांपासून वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतकी मात्रा मिळते. म्हणून यंत्रावर सलग शून्य दिसले तर खुश होऊ नये. बॅटरी, जोडणी किंवा नळीतला वायू तपासावा.

यंत्राची खात्री का महत्त्वाची, हे दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजाराने एप्रिल २०१० मध्ये दाखवून दिले. एका विद्यापीठाने वापरात नसलेले जुने संशोधन यंत्र लिलावात विकले. त्यात कोबाल्ट-६० होते. भंगारवाल्यांनी ते फोडले. किरणोत्साराने अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. ज्यांनी ते हाताळले, त्यांना आपल्या हातात काय आहे हे सांगणारे काहीच जवळ नव्हते.

काळा दगड, जड दगड

यंत्र तपासण्यासाठी अनेकांच्या मनात पहिल्यांदा येतो तो युरेनियमचा दगड. त्याला इतिहासही आहे. १८९६ साली पॅरिसमध्ये आंरी बेक्वेरेल यांनी युरेनियमच्या क्षाराजवळ ठेवलेली छायाचित्रणाची काच उजेडाशिवाय काळवंडलेली पाहिली आणि किरणोत्साराचा शोध लागला. दोन वर्षांनी मारी आणि पिएर क्युरी यांनी पिचब्लेंड या काळ्या, जड युरेनियम खनिजातून पोलोनियम आणि रेडियम शोधून काढले. परदेशात अशा खनिजांचे लहान तुकडे संग्राहकांकडे असतात आणि काही ठिकाणी शिकवण्यासाठीही वापरले जातात.

काळे आणि जड दगड भंडारा जिल्ह्यालाही नवे नाहीत. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉयल’च्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड तर बॅटरीच्या सेलसाठी वापरले जाते. हे खनिज काळे असते, हाताला जड लागते, बोटे काळी करते. पण युरेनियमशी त्याचा संबंध नाही आणि ते किरणोत्सारी खनिज म्हणून ओळखले जात नाही. म्हणजे रंग आणि वजन यांवरून दगड ‘किरणोत्सारी’ ठरवता येत नाही. तो निवाडा यंत्रच करू शकते.

तरीही हा भूभाग किरणोत्साराच्या दृष्टीने अगदी कोरा नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. भंडारा-गोंदियाचा पट्टा त्या काळ्या पठाराबाहेर, फार प्राचीन खडकांवर आहे. बेसॉल्टमध्ये युरेनियम दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असते. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण तीन ते पाच भाग असू शकते. १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या आजच्या गोंदिया जिल्ह्यात मोगर्रा येथे युरेनियमचा एक छोटा साठा अणुखनिज संचालनालयाने नोंदवला आहे. या संचालनालयाचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे.

म्हणून कुणी हातोडी घेऊन युरेनियमचा दगड शोधायला निघावे, असे मात्र नाही. अणुऊर्जाविषयक कायद्यानुसार युरेनियम आणि थोरियम या नियंत्रित वस्तू आहेत. परवान्याशिवाय त्यांचा साठा आणि व्यवहार हा गुन्हा ठरतो. मे २०२१ मध्ये मुंबईत दहशतवादविरोधी पथकाने दोघांकडून सुमारे सात किलो नैसर्गिक युरेनियम जप्त केले होते. त्याच वर्षी झारखंडमधील बोकारोत ‘युरेनियम’ म्हणून पकडलेला माल अणुऊर्जा विभागाच्या तपासणीत युरेनियमही निघाला नाही आणि किरणोत्सारीही निघाला नाही. नावाला भुलून लोक काय काय विकायला आणि विकत घ्यायला तयार होतात, हे यावरून दिसते.

युरेनियमच्या खनिजाची आणखी एक अडचण आहे. त्याचा चुरा होतो, धूळ उडते आणि त्यातून रेडॉन वायू सतत बाहेर पडतो. बाहेरून येणाऱ्या अल्फा किरणांना कातडीही अडवते, पण तीच धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर अल्फा किरण थेट पेशींवर आदळतात. वर्गात मुलांच्या हाती द्यायची ही वस्तू नव्हे.

मूठभर पोटॅशचे गणित

मग उरते पोटॅश. १९०६ साली नॉर्मन कॅम्पबेल यांनी पोटॅशियम किंचित किरणोत्सारी असल्याचे दाखवले. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंपैकी साधारण एक अणू पोटॅशियम-४० या समस्थानिकाचा असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. पृथ्वी घडली तेव्हाचे हे अणू अजून संपलेले नाहीत. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला असे सुमारे ३१ अणू फुटतात. शंभरांतले जवळपास ८९ बीटा कण बाहेर टाकतात, उरलेल्या ११ पैकी बहुतेक गॅमा किरण देतात.

शेतकऱ्याला मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाने जवळपास निम्मे पोटॅशियम असते. म्हणजे १०० ग्रॅम खतात सेकंदाला सुमारे दीड हजार अणू फुटतात आणि ५० किलोच्या गोणीत पावणेआठ लाखांच्या आसपास. हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यातले चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदाला फुटत असतात. ज्या मुठीत पोटॅश धरले आहे, त्या मुठीच्या मालकाच्या अंगात त्याहून जास्त टिकटिक चालू असते. शरीर पोटॅशियमचे प्रमाण स्वतःच ठरावीक राखते, त्यामुळे केळी खाऊन ते वाढत जात नाही. गोणीतले बहुतेक बीटा कणही खतातच अडतात. दुकानात किंवा घरात गोणी ठेवल्याने किरणोत्साराचा धोका होत नाही. खत म्हणून घ्यायची काळजी मात्र घ्यावीच : ते तोंडात जाऊ देऊ नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

प्रयोग अगदी साधा आहे. पातळ प्लास्टिकच्या बंद पाकिटात शे-दोनशे ग्रॅम पोटॅश पसरून भरावे. आधी यंत्र रिकाम्या टेबलावर दहा मिनिटे ठेवून ठोके मोजावेत. नंतर पाकिटावर ठेवून तितकाच वेळ मोजावेत. समजा, आधी २०० ठोके आले आणि नंतर ३२०. किरणोत्सारातल्या मोजणीची अनिश्चितता साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. त्यामुळे १२० चा हा फरक सुमारे २३ ने मागेपुढे होऊ शकतो. फरक खरा आहे यात शंका उरत नाही. हेच एका मिनिटात मोजले, तर २० आणि ३२ असे आकडे येतील, १२ चा फरक सातने डळमळेल आणि खात्रीने काही सांगता येणार नाही. घाईने केलेले मोजमाप का फसवते, हे विद्यार्थ्याला यातून जितके कळते तितके व्याख्यानातून कळत नाही.

मग पाकीट आणि यंत्र यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घालावा. ठोके झपाट्याने उतरतात, कारण बीटा कण पत्र्यात अडतात. जे थोडे उरतात, त्यांत गॅमाचा वाटा असतो. जाड भिंतीची नळी असलेल्या यंत्राला बीटा कण दिसतच नाहीत, तेव्हा लहान पाकिटाऐवजी अख्खी गोणीच वापरावी लागते. एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. पोटॅशवर यंत्र जिवंत आहे एवढेच कळते. पडद्यावरचा मात्रेचा आकडा अचूक आहे की नाही, ते कळत नाही. रुग्णालयात किंवा उद्योगात वापरायच्या यंत्रांचे अंशांकन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करून घ्यावे लागते.

फुग्यावरचे अर्धायुष्य

पोटॅशियमचे अर्धायुष्य वर्गात दाखवता येत नाही. १२५ कोटी वर्षे कोण थांबणार? त्यासाठी दुसरी युक्ती आहे, आणि तिला खनिजाची गरजच नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून बनणारा रेडॉन वायू थोड्या प्रमाणात प्रत्येक बंद खोलीत असतो. त्याच्यापासून तयार होणारे किरणोत्सारी अणू हवेतल्या धुळीला चिकटतात. रबरी फुगा फुगवून लोकरीवर चांगला घासावा आणि बंद ठेवलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत अर्धा-पाऊण तास टांगून ठेवावा. विद्युतभारित फुगा ही धूळ ओढून घेतो. नंतर हवा सोडून फुगा यंत्राजवळ ठेवला, की ठोके वाढलेले दिसतात आणि साधारण अर्ध्या ते पाऊण तासात निम्म्यावर येतात. दर पाच मिनिटांनी नोंद करून आलेख काढला, की पुस्तकातली अर्धायुष्याची वक्ररेषा वहीत उतरते. पावसाळ्याच्या दमट हवेत फुग्यावर भार टिकत नाही; हा प्रयोग हिवाळ्याचा.

याच प्रयोगात आरोग्याचा एक धडाही आहे. धूम्रपानाखालोखाल रेडॉन हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बंद खोलीत रेडॉन साचतो, दारे-खिडक्या उघडल्या की विरतो. फुगा आधी बंद खोलीत आणि दुसऱ्या दिवशी उघड्या खोलीत टांगून मुले हा फरक स्वतः मोजू शकतात.

काही गोष्टी मात्र टाळाव्यात. लग्नाच्या वरातीत पेट्रोमॅक्सच्या बत्त्या असायच्या त्या काळातल्या जाळ्यांमध्ये थोरियम असे. अशी जुनी जाळी सापडलीच तर ती फोडू नये, जाळू नये. तिची राख श्वासात जाऊ शकते. भंगारातली अनोळखी, जड, शिसे लावलेली धातूची वस्तू, विशेषतः तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह असलेली, उघडू नये. तिच्यापासून दूर राहून पोलिसांना कळवावे.

यंत्राचा उपयोग फसवणूक ओळखण्यासाठीही होतो. देशात ‘राइस पुलर’ नावाचा धंदा वर्षानुवर्षे चालतो. तांब्याचे एखादे जुने भांडे तांदळाचे दाणे ओढून घेते असे दाखवायचे, त्यात किरणोत्सारी शक्ती आहे म्हणायचे आणि ‘तपासणी’च्या नावाखाली पैसे उकळायचे. मे २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच एका प्रकरणात बाप-लेकाला पकडले. ‘नासा’ आणि ‘डीआरडीओ’ हे भांडे विकत घेतील असे सांगून त्यांनी एका व्यापाऱ्याला १ कोटी ४३ लाख रुपयांना फसवल्याचा आरोप होता. भारावून टाकायला किरणोत्सारापासून बचावाचे म्हणून चकचकीत पोशाखही होते. किरणोत्सार तांदूळ ओढत नाही. तांदूळ हलतो तो त्यात दडवलेल्या लोखंडाच्या कणांमुळे आणि भांड्यातल्या चुंबकामुळे.

धानाच्या जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत पोटॅशचे पाकीट, एक फुगा आणि एक गायगर यंत्र एवढे साहित्य जमले, तर त्या वर्गातली मुले दोन गोष्टी शिकून बाहेर पडतील : किरणोत्साराचे नाव निघाले म्हणून घाबरायचे नाही आणि मोजल्याशिवाय विश्वासही ठेवायचा नाही. पुढे कधी कुणी त्यांच्या दारात ‘किरणोत्सारी’ भांडे घेऊन आला, तर आधी यंत्र आणा, असे ती नक्की म्हणतील.