माणसं अख्खीच मोजावी लागतात

एका वर्गात मुली आणि मुलं यांचं गुणोत्तर 7:5 आहे. त्या वर्गात बरोबर 50 विद्यार्थी आहेत का?

एवढ्याशा माहितीवर काय सांगणार, असं वाटतं. पण उत्तर ठाम आहे : नाहीत. सात आणि पाच मिळून बारा वाटे, प्रत्येक वाट्यात सारखी डोकी, आणि डोकी अर्धी-पाऊण नसतात. म्हणून वर्गाची संख्या 12च्या पाढ्यातलीच असली पाहिजे : 24, 36, 48, 60. 50 त्या पाढ्यात नाहीच. आता हेच गुणोत्तर चहातल्या दुधा-पाण्याचं असतं, तर 50 मिलिलिटर चहा खुशाल असू शकला असता.

जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेत आणि आपल्याकडच्या बँक-भरतीच्या परीक्षांत असे प्रश्न येतात. त्यांना ‘डेटा सफिशियन्सी’ म्हणतात. एक प्रश्न, खाली दोन विधानं. पहिलं एकटं पुरतं का, दुसरं एकटं पुरतं का, की दोन्ही लागतात, की दोन्ही मिळूनही भागत नाही, एवढंच ठरवायचं. उत्तर काढून दाखवायचं बंधन नाही. ते एकच निघतं की अनेक, हे कळलं की झालं. आणि ‘आहे का?’ असं विचारलं असेल, तर ठाम ‘नाही’सुद्धा पुरेसं उत्तर धरतात. 2023मध्ये आलेल्या नव्या जीमॅटमध्ये हे प्रश्न गणिताच्या विभागातून ‘डेटा इनसाइट्स’ विभागात गेले. मला ते योग्य वाटतं, कारण इथे आकडेमोडीपेक्षा हाताशी असलेल्या माहितीची ताकद ओळखायची असते.

पुन्हा त्या वर्गात जाऊ. प्रश्न : विद्यार्थी किती? पहिलं विधान तेच, 7:5. दुसरं विधान : वर्गातल्या 4/9 विद्यार्थ्यांना चष्मा आहे आणि एकूण विद्यार्थी 70पेक्षा कमी आहेत. चष्म्याचा मुलगा-मुलगी असण्याशी काय संबंध? काहीच नाही. तरीही चष्मा सांगतो, संख्या 9च्या पाढ्यात हवी. गुणोत्तर सांगतं, 12च्या पाढ्यात हवी. शाळेत घोकलेला लसावि इथे कामाला येतो : 36. त्याच्या पुढची संख्या 72, ती हद्दीबाहेर. म्हणजे विद्यार्थी 36. मुली 21, मुलं 15, चष्मेवाले 16. एकटं कुठलंच विधान पुरत नव्हतं, दोन्ही मिळून पुरली. एकमेकांची ओळखही नसलेल्या दोन गोष्टींनी एक संख्या पक्की केली, हे मला दर वेळी विलक्षण वाटतं.

याहून नवल पुढे आहे. एक वही 17 रुपयांची, एक पेन 23 रुपयांचं. बिल झालं 211 रुपये. वह्या किती, पेनं किती? अज्ञात दोन आणि समीकरण एकच, म्हणून घाईत ‘माहिती अपुरी’ असा शेरा मारला जातो. पण जरा वजाबाकी करून पाहा. 211मधून 23 एकेकदा कमी करत जा : 188, 165, 142, 119… कुठली संख्या 17ने भागली जाते? 188 जवळून हुकते, 187 हवी होती. 119 भागली जाते, 17 सत्ते 119. पुढे 96, 73, 50, 27, 4. यातली एकही नाही. म्हणजे 4 पेनं, 7 वह्या. दुसरं उत्तरच नाही.

असं का घडलं? समजा, दुकानदाराला काही वह्या परत देऊन तेवढ्याच पैशांत पेनं घ्यायची आहेत. 17 आणि 23 यांना 1शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून कमीत कमी 23 वह्या देऊन 17 पेनं घ्यावी लागतील. दोन्हींची किंमत 391 रुपये. त्यापेक्षा लहान बिलात ही अदलाबदल होऊच शकत नाही, म्हणून तिथे दोन उत्तरं असणं अशक्य! 391पासून पुढे मात्र संशयाला जागा होते. बिल 602 रुपयांचं असेल, तर 30 वह्या आणि 4 पेनंही चालतात, 7 वह्या आणि 21 पेनंही. किमती 15 आणि 25 असत्या, तर गुणोत्तर 3:5वर आलं असतं आणि 5 वह्यांच्या जागी 3 पेनं, अशी 75 रुपयांतच अदलाबदल जमली असती. मग 200 रुपयांच्या बिलावरून काहीच नक्की सांगता आलं नसतं.

पूर्ण संख्यांत उत्तरं शोधण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी. आर्यभटाने 499च्या सुमारास ‘आर्यभटीया’त तिची रीत दिली, ‘कुट्टक’ या नावाने ती भास्कराचार्यांच्या 1150च्या सुमाराच्या ‘लीलावती’तही आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी प्रश्नात माणसं, खुर्च्या, नाणी, तिकिटं असं काही दिसलं, तर दोन्ही विधानं वाचण्याआधी कागदाच्या डोक्यावर ‘पूर्ण संख्या’ असं लिहून ठेवा. न छापलेलं तिसरं विधान तेच असतं, आणि बहुतेक चुका ते न वाचल्यामुळे होतात.