शिवी लिहिलेली पिशवी

वेल्हे-भोर भागात घरच्या मशीनवर पिशव्या, एप्रन शिवून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या भगिनींना आज धारावीतील एका धंद्याची हकीकत सांगतो.

चित्रकार सुधीर राजभर यांचे घराणे उत्तर प्रदेशातले. तिकडे ‘चमार’ हा शब्द सर्रास शिवी म्हणून वापरतात. राजभरांनी कापडी पिशव्या करून घेतल्या आणि त्यांवर हाच शब्द निरनिराळ्या भाषांत उमटवला. धंद्याचे नावही ‘चमार स्टुडिओ’!

खरे सांगायचे तर आम्हाला हे नाव प्रथम खटकले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचे मांस सोडा म्हणून बजावले. मग ढोरांशी जोडलेली ओळख पुन्हा कशाला मिरवायची? पण राजभरांच्या पुढच्या रंगीत पिशव्यांत कातडे नाहीच. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली, धारावीतील चर्मकारांचे काम घटले. त्याच कसबी हातांत राजभरांनी टाकाऊ टायरपासून केलेले रबर दिले. पुढे खुर्च्याही झाल्या. २०२४ साली अमेरिकेत मायामीच्या प्रदर्शनात त्यांतल्या एका खुर्चीवर गायिका रिहाना बसली, तो फोटो जगभर गेला.

भगिनींनो, पिशवीच्या आत लेबलाला चार बोटे कापड पुरते. त्यावर दुकानदाराचे नाव घालू नका, आपले घाला.