अठरा हजारांचा फोन

बाजारात बैल घ्यायला गेलो की आपण काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. दहा पावले चालवून पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी आपला हात बैलाच्या पाठीवरून फिरल्याशिवाय पैसे कनवटीतून निघत नाहीत.

फोन घेताना मात्र हीच शहाणी माणसे काचेच्या कपाटापुढे गप्प उभी राहतात. दुकानदार म्हणतो, “काका, एकशेआठ मेगापिक्सेल आहे!” काका म्हणतात, “असं का? मग द्या बांधून.” एकशेआठ म्हटले की जपमाळ आठवते आणि हात आपोआप जोडले जातात, त्याला कोण काय करणार! म्हणून आज आपण फोनचे दात पाहू.

फोन तीन प्रकारचे. एक अगदी स्वस्त, सात-आठ हजारांचे. एक फार महाग, पन्नास हजारांच्या पुढचे. त्यांचे नाव आपण काढायला नको. या दोहोंच्या मधले, बारा ते पंचवीस हजारांचे, तेच आपल्या गावात जास्त येतात. तुमसरच्या दुकानांतूनही हेच पुढे मांडलेले असतात. बोलायला सोपे जावे म्हणून त्यातला एक नग समोर ठेवू. त्याचे नाव रेडमी नोट १३. तो आपल्या देशात जानेवारी २०२४ मध्ये विक्रीला आला. साध्या प्रकाराचा भाव होता १७,९९९ रुपये. आता त्याच्या पुढची मॉडेले निघाली आहेत, पण घडण तीच. हाच घ्या असे मी म्हणत नाही. नमुना म्हणून पाहा.

आधी भावाचे बघू. १७,९९९ म्हणजे अठरा हजारच. एक रुपया कमी ठेवला की सतरा वाचले जाते, एवढाच त्यातला डाव. आता हे पैसे धानात मोजा. २०२३-२४ च्या हंगामात साध्या धानाचा आधारभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. भागाकार करा. सव्वाआठ क्विंटल धान! आणि धान विकून आलेला सगळा पैसा आपला नसतो. बी, खत, रोवणीची मजुरी, मळणी हे सारे त्यातूनच जाते. एक फोन म्हणजे किती बांध्यांची मेहनत, हे ज्याने त्याने आपल्या धुऱ्यावर बसून काढावे.

मग एवढा खर्च कशासाठी? कामे आहेत, नाही असे नाही. ई-पीक पाहणीचेच घ्या. पूर्वी तलाठी पिकाची नोंद करीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ही नोंद कास्तकाराने स्वतः करावी असे ठरले. आपल्या बांधीत उभे राहायचे, फोनमधले ॲप उघडायचे, पिकाचा फोटो काढायचा. फोन आपण कोठे उभे आहोत तेही टिपून घेतो. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली तर आधारभूत केंद्रावर धान देताना अडचण येते, नुकसानभरपाईच्या वेळी तर अधिकच. हे काम कळीच्या फोनवर होत नाही. पण एक सांगून ठेवतो. एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणजे एवढ्याच कामासाठी घरोघरी नवा फोन हवा असे नव्हे. शेजाऱ्याशी बोलणे चालू असले म्हणजे झाले!

दुसरे काम विजेचे. म्हणजे आकाशातल्या विजेचे. ऐन रोवणीत, बांधीत पाणी भरलेले, दहा-पंधरा आयाबाया वाकून रोपे लावत आहेत, आणि वरून वीज कडाडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने यासाठी ‘दामिनी’ नावाचे ॲप केले आहे. आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या टापूत विजा पडत असतील तर ते सूचना देते. मात्र त्याला इंटरनेट लागते. सूचना आली की उघड्यावरून निघावे, झाडाखाली जाऊ नये. फोन खिशात असून आवाज बंद ठेवला असेल तर उपयोग शून्य. ही दोन्ही कामे सात-आठ हजारांचा फोनसुद्धा करतो, फक्त धिम्या गतीने. मग वरचे दहा हजार कशाचे, ते आता पाहू.

दुकानात ‘सहा, एकशेअठ्ठावीस’ असे आकडे ऐकू येतात. ते काय? घरात धान्याची कोठी असते आणि स्वयंपाकाचा ओटा असतो. कोठीत माल साठतो. ओट्यावर चालू काम होते. १२८ ही कोठी. फोटो, गाणी, कागदपत्रे तिच्यात राहतात. ६ हा ओटा. ओटा अरुंद असला की एक भांडे उचलल्याशिवाय दुसरे ठेवता येत नाही. स्वस्त फोन अडखळतो तो यामुळे. सहाचा ओटा आपल्या घराला पुरतो. कोठी मात्र पूर्ण १२८ ची हाती येत नाही. फोनचे स्वतःचे सामान त्यात आधीच भरलेले असते. तरी उरलेली जागा भरपूर होते, फक्त रोजची ‘सुप्रभात’ची चित्रे वेळेवर पुसली पाहिजेत.

पडदा हा या फोनचा खरा गुण. त्याला अमोलेड म्हणतात. त्यातला प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो. रंग चांगले दिसतात. ज्यांचे डोळे थकले आहेत त्यांना मोठा पडदा बरा. पण हाच पडदा फुटला की घर बसते. साध्या पडद्यापेक्षा हा बदलायला बराच महाग पडतो. कळीचा जुना फोन हातातून पडला तर झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे. गोळा करून जोडला की पुन्हा सुरू. याचे तसे नाही. म्हणून फोनच्या किमतीत जाड कव्हर आणि वरची काच यांचे पैसे आधीच धरावेत.

आता ते एकशेआठ. फोटो हा बारीक बारीक ठिपक्यांचा बनतो. १०८ मेगापिक्सेल म्हणजे दहा कोटी ऐंशी लाख ठिपके. ऐकायला थोर. पण गंमत अशी की, नेहमीचा फोटो काढताना हा फोन नऊ-नऊ ठिपके एकत्र करून एक ठिपका धरतो. म्हणजे हाती येतो तो बारा मेगापिक्सेलचा फोटो. तो दिवसाउजेडी खरोखर चांगला येतो. पाठीवर आणखी दोन डोळे आहेत. त्यातला एक अवघा दोन मेगापिक्सेलचा. तो बहुधा मोजणीला ठेवलेला आहे! पिकाच्या फोटोला, आधार कार्डाच्या फोटोला, लेकीच्या लग्नातल्या फोटोला बारासुद्धा पुष्कळ. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे दुकानात आठवावे.

बॅटरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण फोनचे आयुष्य तिच्यावर आहे. आपल्या शेजारी डोंगरी बुजुर्गची खाण आहे. तेथले मँगनीज डायऑक्साइड कोरडे सेल करण्याच्या कामी येते. टॉर्चमधला तसला सेल एकदा संपला की संपला. फोनची बॅटरी वेगळ्या जातीची, लिथियमची. ती पुन्हा पुन्हा भरता येते. तशी बॅटरी १९९१ साली पहिल्याने बाजारात आली आणि तिच्या मागे राबलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नमुन्यातल्या बॅटरीवर ५००० असा आकडा आहे. बेताने वापरला तर फोन पूर्ण दिवस चालतो. सोबत मिळणारा चार्जर ३३ वॅटचा आहे, तो तासा-सव्वातासात ती भरतो. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही तेथे हा मोठा गुण आहे.

पण या जातीला उन्हाचे वावडे. बहुतेक कंपन्या आपला फोन ३५ ते ४० अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे लिहितात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. मोटारसायकलच्या टाकीवर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर फोन ठेवला तर तो किती तापत असेल? तेंदूपाने तोडायला जाताना फोन डब्याच्या पिशवीत, सावलीत ठेवावा. गरम झालेला फोन चार्जिंगला लावू नये. उशाखाली ठेवून रात्रभर तर मुळीच लावू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांत हळूहळू दमते. ती आपल्याला काढता येत नाही, कारागीरच लागतो. पाठ फुगलेली दिसली की फोन त्याच दिवशी बंद करावा. दाबून बसवायला जाऊ नये, पेट घेतो.

पाण्याचेही ऐका. या फोनवर ‘आयपी ५४’ असे लिहिलेले असते. पाच हा धुळीचा आकडा, चार पाण्याचा. पाण्याचे शिंतोडे उडाले तर चालेल, एवढाच त्या चाराचा अर्थ. रोवणीच्या चिखलात किंवा बोडीत पडला तर कंपनी जबाबदारी घेत नाही. एक रुपयाची प्लास्टिकची पिशवी येथे जास्त कामाची.

आणि हो, हा फोन टीव्हीचा रिमोटही होतो. रिमोट हरवण्याचा रिवाज असलेल्या घरांना हे आवडेल.

‘फाइव्ह जी’ हा आणखी एक मंत्र. आपल्या देशात ही सेवा १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोनमध्ये ती सोय आहे हे खरे. पण टॉवरने दिली तरच ती मिळणार. आपला भाग जंगलाचा आणि डोंगराचा. एका वाड्यात रेंज असते, पुढच्या वळणावर नसते. म्हणून फोन निवडण्याआधी सिम निवडावे. ज्याचे सिम आपल्या घरात, आपल्या शेतात नीट लागते त्याला विचारावे. अठरा हजारांचा फोन रेंज आणून देत नाही.

एक दोष दुकानात दिसत नाही. फोनला चालवणारी जी आज्ञावली असते तिला अँड्रॉइड म्हणतात. दरवर्षी तिची नवी आवृत्ती येते आणि चोरांना अडवणाऱ्या दुरुस्त्याही येत राहतात. हा फोन २०२४ मध्ये विकायला आला तेव्हा त्यात तेरावे अँड्रॉइड होते. चौदावे तर ऑक्टोबर २०२३ मध्येच निघाले होते. नवे घर आणि कवेलू मागच्या सालचे! शिवाय न मागितलेली ॲपे आधीच भरून येतात. ती घरी आल्यावर काढून टाकावीत. दुकानदाराला विचारावे, “दुरुस्त्या किती वर्षे मिळतील?” त्याला उत्तर येत नसेल तर घाई करू नये.

खर्च अठरा हजारांवर थांबत नाही. रिचार्ज २८ दिवसांचा असतो. महिना तर तीस-एकतीस दिवसांचा. वर्षाच्या ३६५ दिवसांना २८ ने भागा. तेरा येतात. म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. फोन ‘बिनव्याजी हप्त्यां’वर घेत असाल तर कागद पूर्ण वाचा. ‘प्रक्रिया शुल्क’ असा शब्द कोठे आहे का? हप्ता चुकला तर दंड किती? सारे हप्ते आणि शुल्क यांची बेरीज मांडा आणि ती रोख भावाशी ताडून पाहा. बेरीज तुम्हाला येते. सही करण्याआधी करा, मागाहून नव्हे.

आता माझ्या मनातली गोष्ट. या फोनवर मराठी उत्तम दिसते. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी करता येते, अक्षर मोठे करता येते. नुकतेच वाचायला शिकलेल्या बाईला बँकेचा संदेश दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही. आपल्या खात्यावर किती आले, किती गेले, हे तिचे तिलाच कळते. मला याचे मोल एकशेआठ मेगापिक्सेलपेक्षा जास्त वाटते. पण हाच फोन बोललेले लिहून घेतो आणि लिहिलेले वाचून दाखवतो. ज्याला दिसत नाही त्याला ते वरदान आहे. ज्याने सहा महिने वर्गात बसून अक्षरे गिरवली, तो जर आता नुसते बोलून संदेश पाठवू लागला, तर ती अक्षरे किती दिवस टिकतील? दिवसातून एक संदेश तरी बोटाने लिहावा. काना-मात्रा चुकली तर चुकू द्या.

वाचता येणे पैशाच्या कामी कसे येते तेही पाहा. फोनवरून पैसे देण्याची यूपीआय ही पद्धत २०१६ साली आली. तिच्यात गुप्त आकडा टाकावा लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना कधीही टाकावा लागत नाही. “बक्षीस आले आहे, आकडा टाका” असे कोणी म्हटले की समजावे, आपल्याच खिशात हात घालतो आहे. लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ अशा शेपटीची फाइल आली तर ती उघडू नये. ती पत्रिका नव्हे, ॲप असते. कोणी पोलिसाचा वेष करून पडद्यावर येतो आणि म्हणतो, “तुम्हाला डिजिटल अटक झाली, पैसे भरा.” कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितले. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

तर कोणी घ्यावा? घरात एकच फोन असेल, त्यावर शेतीची नोंद, बँक, पोरांचा अभ्यास हे सारे होणार असेल, आणि तो तीन-चार वर्षे वापरायचा असेल, तर मधल्या भावाचा फोन परवडतो. तीन वर्षे चालला तर महिन्याला पाचशे रुपये पडतात. नुसते बोलायचे असेल तर कळीचा फोन बरा. पोरगा गेल्या वर्षीचा चांगला फोन सोडून नवा मागत असेल, तर त्याला सव्वाआठ क्विंटलचा हिशोब घालायला बसवावे.

घेताना पक्के बिल मागावे. फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी क्रमांक दिसतो. दोन सिमांचे दोन क्रमांक दिसतील. तेच बिलावर आहेत का, एकेक आकड्यावर बोट ठेवून पाहावे. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार करून ‘संचार साथी’ या सरकारी ठिकाणी हाच क्रमांक देऊन तो फोन बंद पाडता येतो. पण क्रमांक फोनमध्येच लिहून ठेवला असेल तर तो चोराबरोबर जाईल. तो घरच्या वहीत, सातबाऱ्याच्या पिशवीत, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवा.