मिरचीतलं तिखट नेमकं कुठे?

नागपुरातल्या इतवारीच्या मिरची बाजारात शिरलं की दुकान गाठायच्या आधीच पहिला ठसका लागतो. दुकानदार विचारतो, "रंगाची देऊ की तिखटाची, भाऊ?" रंगासाठी ब्याडगी, झणक्यासाठी तेजा, आणि आपल्या जिल्ह्याची म्हणून भिवापुरी, जिला भौगोलिक मानांकनही आहे. गिऱ्हाइकाचा एक समज मात्र पक्का असतो: तिखट असतं ते बियांत. सोसत नसेल तर बिया झटकून टाका.

हा समज तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. हिरवी मिरची उभी चिरा. आत पांढरी शीर दिसेल, तिलाच बिया चिकटलेल्या असतात. आधी टोकाकडचा नुसता हिरवा तुकडा जिभेला लावा, मग एक बी, आणि शीर सगळ्यांत शेवटी. क्रम उलटा केलात तर तोंड भाजेल आणि पुढचं काहीच कळणार नाही. बी आधी तेलात चोळून पुसून घ्या, नुसती पाण्याने धुऊन भागत नाही. बी मुळात तिखट असेल तर पुसल्यावरही झोंबली पाहिजे. ती शिरेइतकी झोंबत नाही. एका मिरचीवर निकाल देऊ नका. पाच-सहा चिरा, आणि कोणता तुकडा कुठला हे न सांगता घरच्यांनाही द्या. ते नाही म्हणाले तर तोही अनुभवच.

बी निर्दोष. तिला शिरेचं तिखट नुसतं लागलेलं असतं. शिरेच्या पृष्ठभागावरच्या पेशी कॅप्सायसिन नावाचा रेणू तयार करतात. कार्बनचे १८ अणू, हायड्रोजनचे २७, नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचे तीन. कच्चा माल म्हणजे फिनिलॲलानिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं. प्रथिनं घडतात तीही अमिनो आम्लांतूनच. या रेणूला तेलकट शेपटी असते, म्हणून तो पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र सहज उतरतो. सावजी रश्श्यावरची किंवा पोह्यांवरची लालभडक तर्री अंगावर येते ती यामुळेच, आणि वर तांब्याभर पाणी प्यायलं तरी आग विझत नाही तीही.

आता तोंडाकडची बाजू. आपल्याकडे तिखटाला सहा रसांत मानाचं पान आहे, पण स्वादकलिका ते ओळखत नाहीत. मग ओळखतं कोण? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली याचा छडा लावला. त्यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांच्या, वेदना जाणणाऱ्या चेतापेशींतली हजारो जनुकं घेतली आणि कॅप्सायसिनला दाद न देणाऱ्या पेशींत गटागटाने घातली. पेशीत कॅल्शियम शिरलं तर चमकेल असा रंगही सोबत होता. वरून कॅप्सायसिन टाकलं. एका गटातल्या काही पेशी चमकल्या. तो गट पुन्हा विभागला, पुन्हा पाहिलं, असं करत शेवटी एकच जनुक हाती लागलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आवरणात दारासारखं बसतं. कॅप्सायसिन त्याला चिकटलं की दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि मेंदूला वर्दी जाते. गंमत पुढेच आहे: हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेनेही उघडतं. त्यामुळे मेंदूला मिरची आणि चटका यांत फरक कळत नाही. तो घाम सोडून अंग थंड करू पाहतो. मे महिन्यात ४५ अंशांत बसून तर्री-पोहे खाणाऱ्या नागपूरकराच्या कपाळावरच्या घामाचे धनी म्हणूनच दोन. ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

पोपट मात्र मिरच्या खुशाल फोडतो. पक्ष्यांकडे हे प्रथिन आहे, पण त्याची घडण थोडी वेगळी असल्याने कॅप्सायसिन तिथे बसत नाही. मिरचीचंही यात भलंच होतं: बऱ्याच पक्ष्यांच्या पोटातून बी शाबूत बाहेर पडते, आपल्या दाढांखाली तिचा चुरा होतो.

असली दारं कातडीतही असतात. भिवापूर-पवनीकडच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची खुडण्याच्या जागी, दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची भगभग यातूनच येते. हात नुसते पाण्याखाली धरून ती जात नाही. आधी खाण्याचं तेल चोळावं, पुसावं, मग साबण लावावा. आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये.