संगणकाच्या वर्गातील 'आणि' व 'किंवा'

आपल्या महाविद्यालयात मी संगणकाचा वर्ग घेतो. मराठी माध्यमातून आलेली मुले या विषयात इंग्रजीमुळे मागे पडतात असा सर्वसाधारण समज आहे. माझाही तोच होता. एका सहामाहीच्या उत्तरपत्रिकांनी तो ढिला केला.

प्रश्न मराठीतच होता. 'सातारा आणि सांगली येथील विद्यार्थ्यांची नावे यादीतून काढण्यासाठी क्वेरी लिहा.' बहुतेकांनी दोन गावांमध्ये 'अँड' घातले. बोलण्यात ते बरोबरच आहे. परंतु यंत्र यादीतील एकेक ओळ घेऊन विचारते, हिचे गाव सातारा आहे आणि सांगलीही आहे का? एका रकान्यात एकच गाव. तेव्हा एकही नाव हाती लागत नाही. तेथे 'ऑर' हवे. उलट 'चहा किंवा कॉफी घ्या' म्हणताना आपण दोहोंपैकी एकच धरतो. संगणकाच्या 'ऑर'ला दोन्ही खरी असली तरी चालतात. मुलांना तरी का हसावे? ज्याच्या नावाने हे तर्काचे बीजगणित ओळखले जाते त्या जॉर्ज बूलनेही १८५४ च्या ग्रंथात दोन वर्गांची नावे जोडणाऱ्या 'आणि' व 'किंवा' या दोन्ही शब्दांना बेरजेचे एकच चिन्ह दिले होते, तेही ते वर्ग परस्परांपासून वेगळे असतील तरच!

'क = क + १' याचेही तसेच. गणितात हा वेडेपणा ठरेल. म्हणून आता मी ते मोठ्याने वाचून घेतो : 'क मध्ये एक मिळव आणि येईल ते पुन्हा क मध्ये ठेव.'

त्याच परीक्षेत एका मुलीने 'आउटपुट लिहा' या प्रश्नाला लूपवर पानभर सुरेख विवेचन लिहिले. मागितले होते फक्त पडद्यावर उमटणारे आकडे. मी शून्य गुण दिले. ती भेटायला आली. "सर, मला येत होतं. काय मागितलंय तेच कळलं नाही." पुढच्या सत्रात तिने विषय सोडला. ते शून्य नियमाला धरून होते. तरी मला अजून बोचते.

तेव्हापासून पहिले दोन तास मी प्रश्नपत्रिकाच शिकवतो. प्रश्नातील क्रियापद अधोरेखित करायचे. 'आउटपुट' असेल तर चलांच्या नावांचा तक्ता आखून लूपच्या प्रत्येक फेरीची किंमत पेन्सिलीने भरायची. 'फरक सांगा' असेल तर दोन्ही बाजू समोरासमोर मांडायच्या. यात तास जातात आणि अभ्यासक्रम मागे राहतो, अशी सहकाऱ्यांची तक्रार आहे. ती खरी आहे.

यंदा त्या मुलीचा धाकटा भाऊ वर्गात आहे. परवा त्याने विचारले, "सर, थोडक्यात म्हणजे किती ओळी?" मी त्याला प्रश्नापुढचे गुण पाहायला सांगितले.