चव की अंमल?

"आम्ही काही नशेसाठी घेत नाही, चव आवडते म्हणून घेतो," हे वाक्य अलीकडे आपल्याही घरांतून ऐकू येऊ लागले आहे. पुण्या-बंगळुरूला नोकरीस असलेली मुले ते निःसंकोचपणे उच्चारतात. ऐकणारे वडीलधारे एक तर रागावतात, नाही तर विषय बदलतात. दोहोंनीही काही साधत नाही. त्यापेक्षा ते विधान कितपत खरे आहे, हे शांतपणे तपासलेले बरे.

बिअरची चव म्हणजे नेमके काय? सातूला मोड आणून ते भाजतात. त्यातून धान्याचा खमंग गोडवा येतो. त्याच्या अर्कात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात. त्यांतून कडवटपणा येतो. मग त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाऊन मद्यांश, वायू आणि फळांसारखे काही सुगंध निर्माण करते. यांतील कडू रस जन्मतः कोणालाच रुचत नाही. तान्ह्या बाळाच्या जिभेला कडू लागले की ते तोंड वेडेवाकडे करते, कारण निसर्गात कडू म्हणजे पुष्कळदा विषारी. म्हणून बिअरचा पहिला घोट बहुतेकांना आवडत नाही, आणि हे पिणारेही मान्य करतात. ती गोडी शिकावी लागते. चहा-कॉफीचेही तसेच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु कडू पदार्थ मनुष्य पुनःपुन्हा का घेतो, तर त्यानंतर शरीराला काहीतरी लाभते म्हणून. कॉफीत ते कॅफिन असते, बिअरमध्ये मद्यांश.

या प्रश्नाची एक मोठी कसोटी अमेरिकेत अनायासे पार पडली. 1920 च्या जानेवारीत तेथे देशव्यापी मद्यबंदी लागू झाली. कायद्याने अर्ध्या टक्क्याहून कमी मद्यांशाचे पेय तेवढे विकता येई. बिअरच्या कारखान्यांनी तत्काळ तशी 'निअर बिअर' बाजारात आणली. सातू तेच, हॉप्स तेच, कारखानेही तेच. लोक चवीसाठीच पीत असते, तर हा व्यवसाय भरभराटीस यायला हवा होता. घडले ते निराळेच. चोरट्या गुत्त्यांतून या निरुपद्रवी पेयात वरून मद्यार्क मिसळून विकण्याची प्रथा पडली; सुईने टोचून घातल्यासारखे, म्हणून त्याला 'नीडल बिअर' असे नावही मिळाले. एका नामांकित कारखान्याचे 'बेव्हो' हे बिनमद्याचे पेय आरंभी चांगले खपत होते. 1929 मध्ये त्याचे उत्पादन बंद करावे लागले. 1933 च्या एप्रिलमध्ये 3.2 टक्के मद्यांशाच्या बिअरला परवानगी मिळाली, तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. एवढ्या दोन-तीन टक्क्यांसाठी!

आपल्या देशातील बाजारही फार वेगळे सांगत नाही. येथे पाच टक्क्यांपर्यंत मद्यांश असलेली साधी बिअर, आणि त्याहून अधिक, आठ टक्क्यांपर्यंतची 'स्ट्राँग'. खपात मोठा वाटा या दुसरीचा आहे. चवीचे रसिक बहुसंख्य असते, तर असे झाले नसते.

तरीही प्रश्न येथे संपत नाही. जर्मनीत बिनमद्याची बिअर आज किराणा दुकानांतून सर्रास मिळते. शर्यत संपवून आलेले धावपटूही ती पितात. तंत्र सुधारले, चव सुधारली, आणि नशा नको असूनही ती चव हवी असलेला एक वर्ग खरोखरच निर्माण झाला. त्यांना खोटे ठरविण्याचे कारण नाही. मात्र ही आवड आली कोठून, हे पाहिले पाहिजे. 2013 मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी 49 पुरुषांना केवळ 15 मिलिलीटर बिअर, तीही जिभेवर थोडी थोडी फवारून, दिली. एवढ्याने नशा येणे शक्यच नव्हते. तरी खेळाडूंच्या साध्या पेयाच्या तुलनेत या चवीने मेंदूच्या सुखकेंद्रात डोपामाइन अधिक स्रवले; आणि ज्यांच्या कुटुंबात मद्यपाशाचा इतिहास होता, त्यांच्यात हा परिणाम विशेष दिसला. म्हणजे चव ही निव्वळ चव राहिलेली नसते; पुढे काय येणार आहे, याची वर्दी ती मेंदूला देत असते. 'चवीसाठी घेतो' म्हणणारा खोटे बोलत नसेलही. ती चव त्याला प्रिय कशामुळे झाली, ते त्याला ठाऊक नसते इतकेच.

आता आपल्या दृष्टीने जो खरा पेच आहे, तो पाहू. मद्यांश अर्ध्या टक्क्यापर्यंत असला, तर अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे ते पेय मद्यात गणले जात नाही. त्यामुळे 0.0 लिहिलेल्या बाटल्या बिस्किटांशेजारी मांडलेल्या असतात, आणि 'यात तर दारूच नाही' हा मुलांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. आचार्य अमृतचंद्रांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त मद्यत्यागाची कारणे सांगितली आहेत. त्यांतील एक चित्ताच्या मोहाचे. दुसरे अगदी निराळे: मद्य हे रसात उपजणाऱ्या असंख्य जीवांचे उत्पत्तिस्थान आहे. 0.0 च्या बाटलीला पहिला आक्षेप लागू पडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. दुसरा मात्र पुष्कळदा तसाच उरतो. कारण यांतील बऱ्याच बिअर प्रथम रीतसर आंबवून तयार करतात आणि नंतर कमी दाबाखाली तापवून त्यांतील मद्यांश काढून घेतात. काही ठिकाणी आंबवणे मध्येच थांबवतात. पण यीस्ट त्यातही आहेच.

मग इडली-ढोकळ्याचे काय, असे कोणी विचारील. विचारावेच. दह्याची मर्यादा पाळणारी, आंबवलेले पीठ रात्र ओलांडू न देणारी घरे आपल्यात आहेत, तशीच न पाळणारीही आहेत. ज्या घरी इडली चालते, त्या घराने 0.0 ला केवळ आंबवण्याच्या कारणावरून नाकारणे मला सुसंगत वाटत नाही. तेथे त्या चवीने दिलेल्या वर्दीचा विचार अधिक मोलाचा, विशेषतः घरात कोणी पूर्वी मद्याच्या आहारी गेलेले असेल तर. ज्या घरी खमीर वर्ज्य आहे, तेथे मद्यांशाचा आकडा शून्य असला काय नि नसला काय, उत्तर बदलत नाही.

काही सातूची पेये न आंबवताही बनवतात; त्यांत हॉप्सचा कडवटपणा असतो, यीस्ट नसते. बाटली दिसायला तीच. पुढच्या बाजूस 0.0 ठळक छापलेले असते. पेय आंबवून मद्यांश काढलेले आहे की मुळातच न आंबवलेले, हे कळण्यासाठी बाटली उलटून मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात, आणि तेथेही ते नसेल तर उत्पादकालाच विचारावे लागते.